धाकटीची सही

सही मी केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही सगळा राग त्या कंपनीवरच काढणार नाही. कंपनीच्या नावानं बोटं मोडायला माझी हरकत नाही, मी स्वतः रोज सकाळ-संध्याकाळ मोडते. पण त्यांच्या कागदाच्या चौथ्या पानावर, खाली उजवीकडे, निळ्या शाईत जी सही आहे, ती नावानं माझ्या धाकट्या बहिणीची आणि हातानं माझी आहे.

मी बँकेत आहे. सत्तावीस वर्षं झाली. पहिली काही काउंटरवर गेली, मग मागच्या खोलीत बसवलं. चेकवरची सही आणि खातं उघडताना घेतलेला सहीचा नमुना समोरासमोर ठेवायचा आणि जुळते की नाही ते सांगायचं, एवढंच माझं काम. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे मला ‘भिंग’ म्हणतात, आणि मला ते आवडतं. घाईत केलेली सही, आजारपणातली सही, घरून भांडून आल्यावर केलेली सही, मला सगळं ओळखू येतं.

आणि अशी ही मी घरी येऊन बहिणीची सही ठोकते. धाकटी चित्रकार आहे. कागदपत्रांचं तिला लहानपणापासून वावडं, अर्ज दिसला की जांभया सुरू. ‘ताई, तूच करून टाक ना,’ असं ती म्हणायची आणि मी करून टाकायचे. विजेचा अर्ज, पार्सलची पोच, प्रदर्शनाचं भाडं. आमच्याच बँकेत तिचं खातं उघडलं तेव्हा नमुन्याची सहीसुद्धा मीच केली, कारण बाईसाहेब बाहेर बाकावर बसून एका पेंगणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र काढत होत्या. मग पुढे तिच्या चेकवरही मलाच सही करावी लागली. तिची स्वतःची सही तिच्याच खात्यावर चालली नसती. आम्ही दोघी यावर पोट धरून हसायचो. हे चुकीचं आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. घरातल्या घरात आहे, कुणाचं काय जातंय, असं मनाला सांगायचे.

आता बाबा. आमचे बाबा बाजारात लिलाव पुकारायचे. ट्रकमधून भाजी उतरली की ओट्यावर उभं राहून बोली चढवत न्यायची, त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तीन गल्ल्या पलीकडे आवाज ऐकू जायचा. घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. चार वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता ते कोसळले. उजवी बाजू गेली, ती हळूहळू थोडीफार परत आली. वाचा आली नाही. त्यांना सगळं कळतं, टोमणा तर सगळ्यात आधी कळतो, पण तोंडातून लिलावातलं एकच बाहेर येतं: ‘दोन वार.’ भूक लागली, दोन वार. पंखा बंद करा, दोन वार. तिसरा वार काही केल्या येत नाही.

रुग्णालयातून चित्रांच्या कार्डांचा एक संच मिळाला होता. बोट ठेवायचं आणि काय हवं ते सांगायचं. त्यात सगळी गोल पिवळी तोंडं, झाडून सगळी हसरी. ‘दुखतंय’ म्हणणारं तोंडही हसरं. बाबांनी डाव्या हातानं तो संच भिंतीवर भिरकावला. धाकटीनं त्याच दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पहिली वीस कार्डं काढली. पाणी. उशी. दुखतंय. आत्ता नको. कार्डांतला माणूस जाडसर, टकला, आणि भुवया थेट बाबांच्या, झाडूसारख्या. बाबांनी सगळी उलटसुलट करून पाहिली आणि त्यातलं एक उचलून माझ्या नाकासमोर धरलं: ‘गप्प बस.’

तीन आठवड्यांनी आमचे बाबा बोलले आणि हे बोलले. मला हसूही आलं आणि रडूही.

कार्डं वाढत वाढत चारशे बारा झाली. ‘मला कळतंय, मलाच विचारा’ हे कार्ड बाबा डॉक्टरांसमोर आपटतात, त्याचे कोपरे झिजले म्हणून तीनदा नवं छापलं. बाबांना पुन्हा बोलतं करायला एक बाई आहेत, आम्ही त्यांना वाचाबाई म्हणतो. त्यांनी बाकीच्या रुग्णांसाठी कार्डं मागितली. धाकटीनं सरळ सगळी इंटरनेटवर ठेवली आणि खाली लिहिलं: ‘घ्या. छापा. बदला. वाटा. मला विचारत बसू नका. फक्त यांना कुलूप लावू नका.’ कुणीतरी जाणत्यानं त्याला रीतसर मुक्त परवान्याची भाषा जोडून दिली. मग कुठकुठल्या भाषांत लोकांनी खालचे शब्द बदलले. एका परिचारिकेनं टकल्या म्हाताऱ्याची अंबाडा घातलेली म्हातारी केली आणि धाकटी दिवसभर ती सगळ्यांना दाखवत हिंडली. सगळं फुकट, पण वापरणारी माणसं महिन्याला जमेल तसं काहीतरी पाठवायची, आणि धाकटीचे रंग-कागद सुटून वर घरातही हातभार लागायचा. मला हे अजब वाटायचं. कुणी मागत नसताना माणसं देतात, हे बँकेत बसून कळत नाही.

गेल्या वर्षी त्या कंपनीचं पत्र आलं. वाचा गेलेल्यांसाठी टॅब्लेट बनवून विकणारी कंपनी. त्यांना ‘समाजासाठी झटणाऱ्या कलाकाराचा सन्मान’ करायचा होता. काचेचं मानचिन्ह पाठवणार होते, आणि सोबत चार पानी स्वीकृतिपत्र, सही करून परत पाठवायचं.

‘काचेचं आहे ना?’ धाकटी ब्रश धुता धुता म्हणाली. ‘बाबांच्या कपाटावर शोभेल. करून टाक सही.’

मी केली. चेकची मागची बाजूसुद्धा वाचणारी मी, ती चार पानं मी वाचली नाहीत. खरं सांगायचं तर मी फुगले होते. आमच्या घरात कुणाचा कधी सन्मान झाला नव्हता. सही इतकी सुरेख उतरली की मी कागद जरा लांब धरून पाहिलाही.

आठ महिन्यांनी दुसरं पत्र आलं. चारशे बाराही चित्रं आता कंपनीच्या मालकीची आहेत. चित्रकर्तीनं सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, कायमचे दिले आहेत. आधी जी मोफत परवानगी दिली ती गैरसमजातून दिली होती आणि ती मागे घेत आहे, असंही तिनं लिहून दिलं आहे. तरी पंधरा दिवसांत इंटरनेटवरून सगळी कार्डं काढावीत, छापील संच वापरणाऱ्यांनी ते परत करावेत. सोबत सन्मानाच्या चार पानांची प्रत. चौथ्या पानावर माझी सुरेख सही.

मी स्टुलावर बसले. धाकटी पत्र वाचत होती, तिचे ओठ हलत होते. मग तिनं शेवटचं पान पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बँकेत तासातासाला फोनवर कार्डांचं पान उघडून बघायला लागले. आहे. अजून आहे. जेवणाच्या सुट्टीत आहे. डबा तसाच परत यायचा. घरी बाबांना काही सांगितलं नव्हतं, पण ते आमच्या तोंडाकडे पाहत आणि कार्ड धरत: ‘काय झालं?’ मी म्हणायचे, काही नाही बाबा, बँकेत काम वाढलंय. ते कार्ड खाली ठेवायचे नाहीत.

धाकटीच्या ओळखीनं एक वकीलबाई मिळाल्या. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसतात आणि कलाकारांची असली प्रकरणं फी न घेता लढवतात. खोलीत फायली एवढ्या की आम्हाला बसायला त्यांनी दोन ढीग जमिनीवर ठेवले. त्यांनी चारही पानं सावकाश वाचली.

‘एकदा दिलेला मुक्त परवाना असा मागे घेता येत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कोर्टात आपण जिंकू. पण कधी? चार-पाच वर्षांनी. तोवर ज्याच्या हातात कागद, त्याचं सगळे ऐकतात. पान बंद होणार, दवाखाने घाबरून संच परत करणार. कायदाच असा आहे. एका सहीवर माणसाचं मागचं-पुढचं सगळं काम काढून घेता येतं, आणि फुकट वाटलेल्या गोष्टीच्या बाजूनं उभं राहायला कुणी नसतं. तो बदलावा म्हणून सरकारनं समिती नेमलीय. तिच्यापुढे मी तुमचं प्रकरण नेणार आहे. इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं मिळायचं नाही.’

मग त्यांनी चौथं पान उलटं फिरवून धाकटीपुढे सरकवलं.

‘एक विचारून ठेवते, सगळ्यांनाच विचारते. ही सही तुमचीच ना? कारण सही तुमची नसेल तर हा कागद रद्दी आहे. आजच्या आज.’

धाकटीनं पान उचललं, नीट पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

‘माझीच,’ ती म्हणाली.

खाली रस्त्यावर आल्यावर मी तिचा दंड धरला. ‘तुला वेड लागलंय का? का खोटं बोललीस?’

‘मग काय सांगू? आमच्या ताईनं केली? सह्या तपासणाऱ्या ताईनं?’ ती दंड सोडवून घेत म्हणाली. ‘बँक तुला ठेवेल? निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. बाबांची औषधं तुझ्या नोकरीवर चाललीत, माझ्या भुवयांवर नाही.’

‘आणि कार्डं?’

‘मी दुसरी काढेन.’

‘चारशे बारा?’

‘हो, चारशे बारा! टकल्याच्या जागी केसवाला काढेन! आता चल.’

तिचा आवाज फाटला होता. येणारेजाणारे वळून पाहत होते. मी मुकाट्यानं तिच्या मागून चालले आणि मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी बऱ्यापैकी जेवलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी बँकेच्या टपालात एक लिफाफा माझ्या टेबलावर आला. सरकारी हक्कनोंदणी कार्यालयाकडून, जिथे कंपनीनं कार्डं आपल्या नावावर नोंदवली होती. वकीलबाईंनी तिथे तातडीची तक्रार केली होती, त्यावर सुनावणी लागली होती, आणि कंपनीनं मागणी केल्यावरून कार्यालय बँकेला विचारत होतं: सोबतच्या कागदावरची सही आपल्या खातेदाराच्या नमुन्याशी जुळते काय?

आमच्या शाखेत असलं पत्र दुसऱ्या कुणाकडे जातच नाही. मी नमुना काढला. कागद शेजारी ठेवला. सवयीनं भिंगही लावलं. एकाच हातच्या दोन सह्या माझ्यासमोर होत्या, मध्ये सोळा वर्षांचं अंतर, आणि वळण केसाएवढंही हललं नव्हतं. मी उठून पाणी प्यायले, परत आले. साहेबांकडे जाऊन सांगायला ती वेळ होती. त्यांचं दार उघडंच होतं, ते नखं कापत बसले होते. मी शिक्का उचलला आणि मारला: ‘जुळते.’ खाली माझी सही केली, माझ्या नावाची. खोटं काही लिहिलं नव्हतं. जुळतच होती.

त्यानंतर मात्र माझं अन्नावरचं मन उडालं ते उडालंच. पत्राची मुदत शुक्रवारी संपत होती, सुनावणी गुरुवारी होती.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकून बाबांना वाचाबाईंकडे घेऊन गेले. एरवी त्यांच्या खोलीच्या भिंतींवर धाकटीची मोठी चित्रं असायची. आता तिथे नुसते फिकट चौकोन होते. संच कपाटात बंद करून किल्ली वरिष्ठांनी नेली होती.

‘आम्हालाही पत्र आलं,’ वाचाबाई हळूच म्हणाल्या. ‘वरून सांगितलंय, निकाल लागेपर्यंत वापरू नका. कंपनीचे टॅब्लेट घ्यायचं चाललंय. त्यात हीच चित्रं आहेत, भुवया तेवढ्या बारीक केल्यात.’

आमच्या आधी आत एक बाई होत्या, पूर्वी बसच्या कंडक्टर. गेल्या महिन्यापर्यंत त्या कार्डांवर बोट ठेवून लेकीला घरखर्चाचं शिकवायच्या, मी ऐकलंय. म्हणजे पाहिलंय. त्या दिवशी त्या टेबलावर हात आपटत होत्या, एकेक आवाज घशातून ओढून काढत होत्या, आणि लेक घायकुतीला येऊन विचारत होती: ‘पाणी? थंडी वाजतेय? पंखा? घरी जायचंय? आई, काय ते नीट दाखव ना!’ बाई हात आपटत राहिल्या. मग एकदम थांबल्या. खुर्चीखाली जमिनीवर ओल पसरली. कंडक्टर बाईंनी डोळे मिटून घेतले आणि लेक रडायला लागली.

धाकटीच्या संचात ते कार्ड सातव्या क्रमांकाला आहे.

बाबा चाकाच्या खुर्चीत माझ्या शेजारी होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘दोन वार?’ प्रश्नच होता तो, कुठे गेली कार्डं, हाच. मी त्यांना तिथेच, दारापाशीच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. सन्मान, सही, शिक्का, सगळं. बाबा ऐकत राहिले. एकदाही ‘दोन वार’ म्हणाले नाहीत. घरी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी अकराला आम्ही हक्कनोंदणी कार्यालयात होतो. लांबट खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, कोपऱ्यात संगणकावर जबाब टंकणारी एक मुलगी. अधिकारी चष्मा कपाळावर चढवून बसले होते. कंपनीकडून एक तरुण आला होता, इतका गोड बोलणारा की मला त्याचा राग धरवेना. त्यानं धाकटीला आधी नमस्कार केला आणि ‘तुमच्या कामाबद्दल आम्हाला फार आदर आहे’ म्हणाला.

वकीलबाई परवान्याबद्दल बोलल्या. अर्धा तास बोलल्या. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं.

‘बाई, तुमचं म्हणणं चुकीचं नाही,’ ते म्हणाले. ‘पण हे ठरवायचं कोर्टानं. माझ्यापुढे साधा प्रश्न आहे. यांनी लिहून दिलंय, आणि बँकेनं कळवलंय की सही जुळते. मला नोंद कायम ठेवावी लागेल.’ त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पेनचं टोपण काढलं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

‘सही माझी आहे,’ मी म्हणाले.

‘ताई, खाली बस,’ धाकटी म्हणाली.

‘सही मी केलीय. हिनं नाही. हिला त्या कागदात काय आहे हे माहीतही नव्हतं.’

‘साहेब, ती घाबरलीय, काहीही बोलतेय,’ धाकटी म्हणाली, आणि तिनं माझी साडी खाली ओढली, लहानपणी फ्रॉक ओढायची तशी.

वकीलबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मी त्यांच्या फायलींवर पाणी ओतलंय. तरुण मात्र हसला. ‘बहिणीची माया आहे. समजू शकतो. पण बँकेचं पत्र आहे ना.’

अधिकाऱ्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी दोन कोरे कागद काढले. ‘दोघींनी पाच-पाच वेळा सही करा. नाव धाकट्या बाईंचं.’

धाकटीनं पेन हातात घेतलं आणि पाच सह्या केल्या. मला वाटतं, माझ्यासारखी करायचा तिनं जीव तोडून प्रयत्न केला. तिच्या पाच सह्या पाच वेगवेगळ्या माणसांच्या वाटत होत्या. चौथीत एक अक्षरच गळालं होतं. चारशे चित्रांत एकाही भुवईचा केस न चुकलेली माझी बहीण, तिला स्वतःचं नाव दोनदा सारखं लिहिता येत नव्हतं.

मग मी केल्या. अधिकाऱ्यांनी माझा कागद कराराच्या पानावर ठेवला आणि दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडात धरले. एकात एक बसल्या. तरुणाचं हसू मावळलं.

‘म्हणजे बँकेतला नमुना…’ अधिकारी म्हणाले.

‘तोही माझाच.’

‘आणि जुळते असं कळवलं कुणी?’

‘मीच. माझं कामच आहे ते.’

कोपऱ्यातल्या मुलीचं टंकणं थांबलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय? हे मला तुमच्या बँकेला कळवावं लागेल.’

‘कळतंय,’ मी म्हणाले. ‘पण तुम्ही आज ते पान चालू ठेवा. उद्या मुदत संपते.’

त्यांनी जबाब घ्यायला सांगितलं. नाव, वय, पत्ता. मुलीनं खालमानेनंच विचारलं, ‘व्यवसाय?’ मी सांगितलं. तिला ते दोनदा विचारावं लागलं.

कार्डं राहिली. कंपनीची नोंद रद्द झाली, पान चालू राहिलं, वाचाबाईंच्या कपाटाची किल्ली परत आली. वकीलबाई जिन्यात माझ्यावर उखडल्याच. ‘आधी मला सांगायला काय झालं होतं? समितीपुढे न्यायला एवढं चांगलं प्रकरण होतं, आता तो तुमच्या घरचा घोळ झाला.’ चार पायऱ्या उतरून त्या थांबल्या. ‘तुम्ही सुटलात, कारण सही खोटी होती. उद्या एखादा खरी सही करून बसलेला येईल माझ्याकडे. शेकड्यानं आहेत तसे. त्याला कुठली ताई सोडवणार?’

शुक्रवारी साहेबांनी मला आत बोलावलं. शिक्का, भिंग आणि टेबलाच्या किल्ल्या त्यांच्यापुढे ठेवायला सांगितल्या. ‘चौकशी होईपर्यंत घरी थांबा,’ ते म्हणाले. सत्तावीस वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी बोलताना भिंतीकडे पाहत होते. मागच्या खोलीतून माझा डबा आणि छत्री आणायला शिपाई सोबत आला, मी आणखी काही उचलू नये म्हणून.

धाकटी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भांडी आपटायची, बाबांना माझ्याबद्दल कार्डांवरून तक्रारी करायची, आणि बाबा तिलाही उत्तर देत नव्हते. रविवारी सकाळी तिनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलासमोर ओढून बसवलं.

‘ताठ बस. हात छातीवर ठेव. तसा नाही, कुणाला शपथ घालतेस का? नुसता ठेव. आता हलू नकोस.’

तासाभरानं तिनं कागद फिरवला. जाडसर बाई, समोर बघणारी, हात छातीवर. खाली लिहिलं होतं: ‘चूक माझी आहे.’

‘चारशे बारा काढलीस आणि हे नव्हतं तुझ्याकडे?’ मी विचारलं.

‘नव्हतं सुचलं,’ धाकटी म्हणाली. ‘वाचा गेलेल्या माणसाला कोण जाब विचारतं? त्याला सगळे न विचारताच माफ करून टाकतात. मला मंगळवारपर्यंत वाटत होतं की हे कार्ड कुणाला लागणारच नाही.’

‘मंगळवारी काय झालं?’

‘तू बाबांना घरी घेऊन आलीस तेव्हा ते तासभर डबा उचकत होते. एकेक कार्ड काढून बाजूला ठेवत होते. मी विचारलं, काय हवंय? तर त्यांनी तुझ्या खोलीकडे बोट केलं, मग स्वतःकडे. तू गप्प राहिलीस ती त्यांच्या औषधांपायी, असं त्यांना वाटत असणार. हवं ते कार्ड काही सापडलं नाही त्यांना.’

मला हुंदका आवरला नाही. मी तिथेच टेबलावर डोकं टेकलं. धाकटीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, ओला ब्रश हातात तसाच होता.

दुपारी तिनं ते कार्ड बाकीच्यांच्या सोबत इंटरनेटवर ठेवलं. खाली तेच, घ्या, छापा, बदला. संध्याकाळी वाचाबाईंचा फोन आला, की कंडक्टर बाईंनी आजच घरी ते वापरलं, लेकीसमोर, आणि दोघी बराच वेळ रडल्या. बाईंची चूक काय होती ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बँकेची चौकशी उद्या आहे. मला वाचा आहे. मला ते तोंडानं म्हणावं लागेल.